आधी चांगलं, मग चहा

कंट्रोलर काकांच्या घरी चहा सहजासहजी मिळत नसे. संध्याकाळी काकू घरापुढच्या ओट्यावर कपबश्या आणून ठेवायच्या, काका त्या सगळ्या स्वतःपुढे ओढून घ्यायचे आणि एकेकाकडे पाहत विचारायचे, "बोला, आज काय चांगलं झालं?" दिवसभरातली एक तरी चांगली गोष्ट सांगितल्याशिवाय तुमची बशी तुमच्याकडे सरकत नसे. गोष्ट कितीही लहान चालायची. शेजारपाजारचे, गावाहून आलेले पाहुणे, गॅसची टाकी आणून देणारा माणूस, कोणाचीच यातून सुटका नव्हती. तो टाकीवाला एकदा घाम पुसत म्हणाला होता, "चांगलं काय सांगू काका, तुमच्या घराले जिना नाही, हेच चांगलं." काकांनी खूश होऊन त्याची बशी सगळ्यांच्या आधी सरकवली. "आधी चांगलं, मंग चहा, मंग बाकीचं," असा त्यांचा नियम होता. बाकीचं म्हणजे दुखणीखुपणी, भांडणं, तक्रारी. तेही ऐकायची त्यांची तयारी असे. पण गरम चहा पोटात गेला की बहुतेकांना बाकीचं सांगायची हौस उरत नसे.

काका चिखलीच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, म्हणून ते सगळ्या गल्लीचे कंट्रोलर काका. आमचं घर त्यांच्या घराला लागूनच. माइकसमोर बसले की त्यांची भाषा एकदम इस्त्री केलेली व्हायची. "अमडापूरमार्गे खामगावकडे जाणारी गाडी फलाटावर उभी आहे," हे ते असं म्हणत की पुण्याच्या माणसालाही नाव ठेवायला जागा मिळू नये. माइक बंद झाला की लगेच, "काय बे, कुठी चालला?" एकदा बांगड्या भरायच्या नादात एका आजींची अमडापूरची गाडी चुकली आणि त्या काकांच्या खिडकीशी येऊन डोळ्यांना पदर लावून उभ्या राहिल्या. काका म्हणाले, "आजी, गेली ते गेली. त्या गाडीत तुमाले उभंच राहा लागलं असतं. आता पुढच्या गाडीतली खिडकी तुमची. गाडी चुकली म्हणून दिवस कायले चुकवता?" आजींनी डोळे पुसले आणि हात पुढे करून काकांनाच विचारलं, बांगड्या कशा दिसतात म्हणून. गाडी चुकलेल्या प्रत्येकाला काका हेच सांगत, आणि खिडकीशी भांडायला आलेली माणसं बाकावर जाऊन शेंगा सोलत बसत.

मी लहानपणापासून कुरकुरी. वेणी घट्ट झाली, डब्यात पुन्हा दोडकं आलं, वर्गात पंख्याखाली जागा मिळाली नाही, माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असे, पण त्यातलं काकांना चालणारं काही नसे. स्टँडच्या भिंतीवर कुलूप लावलेली एक तक्रारपेटी होती. तिच्यावरून काकांनी माझं नाव ठेवलं. "या, तक्रारपेटी आली," असं माझं स्वागत व्हायचं. एकदा मी चिडून म्हटलं, "आज कायबी चांगलं नाही झालं, अन् मले चहाबी नको," आणि तरातरा निघाले. काकांनी मागून शांतपणे विचारलं, "पायात चप्पल कोनती हाये वं?" चप्पल नवी होती. आदल्याच दिवशी हट्ट करून घेतलेली. मी जळफळत परत येऊन बसले, आणि बशी सरकली.

पुढे मला बुलढाण्याला नोकरी लागली, संसार सुरू झाला, आणि काकांचं ते खूळ नकळत मलाही लागलं. वाईट दिवस असला की घरी येताना मी मनाशी एक चांगली गोष्ट धुंडाळायची. ती सापडली की छातीवरचं ओझं खरंच जरा हलकं व्हायचं. आता रोज सकाळी मोबाइलवर सुखी आयुष्याचे मंत्र येऊन आदळतात. समाधानी राहा, हसत राहा, आहे त्यात आनंद माना, आणि खाली गुलाबाचं फूल. ते वाचून माझं डोकंच उठतं. काकांचं ऐकताना तसं कधी झालं नाही, कारण ते सांगायचे तसे राहायचे. त्यांच्या घराच्या स्लॅबवर लोखंडी सळया उभ्या होत्या, वरचा मजला चढवायचा म्हणून सोडलेल्या. तो मजला कधी चढला नाही. सळया गंजून गेल्या. कोणी विचारलं, "काका, वरचं कधी?" तर ते म्हणत, "वरचं झालं असतं त हिनं कुरड्या कुठी वाळवल्या असत्या?" स्लॅबला शिडी लावून आणि सळयांना दोऱ्या बांधून त्यांनी गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या गोधड्यांची सोय करून दिली होती.

काकूंना हे सगळं मनापासून पटत होतं असं मला वाटत नाही. त्या पदरानं वारा घेत म्हणायच्या, "यायच्या राज्यात पोटात दुखलं तरी आधी पाय बरे हायेत म्हना लागते, मंग ओवा भेटते." आम्ही सगळे हसायचो. काकाही हसायचे. काकूंच्या त्या बोलण्यात कोणाला गंभीर असं काही दिसलं नाही.

काकांची एकुलती एक मुलगी सुजाता माझ्याच वर्गात होती. या नियमात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तापानं फणफणली असली तरी तिचं ठरलेलं, "बाबा, आज प्रार्थनेले उभं राहा नाही लागलं." नर्सिंगला जायची तिची फार इच्छा होती. तिथं नंबर लागला नाही, त्या दिवशी मी तिच्या घरी धावत गेले तर ही कपबश्या मांडत होती. "बरं झालं," ती म्हणाली, "आईजवळ राहाले भेटन." काकांचा ऊर भरून आला. "पाह्य तक्रारपेटी, शिक काही. माह्या पोरीजवळ तक्रारच नाही." काकांच्या नियमात 'मंग बाकीचं' असंही होतं, पण सुजाताचं बाकीचं कधी आलंच नाही. मी तिला एकदा विचारलं होतं, तू खरं काय ते काऊन नाही सांगत म्हणून. ती म्हणाली, "बाबाचा चेहरा पडते वं. मले नाही पाहावत."

तिचं लग्न हिवरा आश्रमाच्या पुढच्या एका गावात झालं. मुलाचं मोटार दुरुस्तीचं दुकान होतं आणि घर दोन मजली. "माह्याच्यानं वरचा मजला झाला नाही, पोरीले बसल्याजागी भेटला," असं काका सगळ्या स्टँडला सांगत सुटले. त्यानंतर रोज संध्याकाळी चहाच्या वेळी सुजाताचा फोन यायचा. काका फोन कपाला टेकवून उभा करायचे, स्पीकर सुरू करायचे आणि विचारायचे, "बोल बेटा, आज काय चांगलं झालं?" आणि सुजाता सांगायची. आज दारातला मोगरा फुलला. आज मला स्वयंपाकाला सुट्टी होती. आज दिवसभर घरात एकदम शांतता होती बाबा, काही आवाज नाही. काका ओट्यावरच्या सगळ्यांकडे अभिमानानं बघायचे आणि "जयभीम बेटा" म्हणून फोन ठेवायचे. चहा संपत आलेला असे, आणि बाकीचं विचारायचं राहून जाई.

मी एका उन्हाळ्यात माहेरी आले होते. काका तोवर निवृत्त झाले होते. दुपारी मी त्यांच्याकडे गेले, काकूंनी माझ्यासाठी चहा टाकला, तेवढ्यात सुजाताचा फोन आला. तिची नेहमीची वेळ नव्हती. काकांनी सवयीनं विचारलं, "बोल बेटा, काय चांगलं?" सुजाताचा आवाज बारीक होता. "बाबा, आज लय बरं वाटलं. इथल्या सिस्टर बाईनं मले इचारलं, जेवली काय म्हणून." काका म्हणाले, "वा वा!" आणि माझी बशी पुढे सरकवली. काकू गाळणी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी फोन ओढून घेतला. "कोनत्या सिस्टर? दवाखान्यात कायले गेली तू? सुजाता, बोल!" फोन बंद झाला होता.

काकांचा हात अजून माझ्या बशीवरच होता. मी आजवर अनेक माणसांना वाईट बातमी ऐकताना पाहिलं आहे. चांगली बातमी ऐकून नंतर ती वाईट होती असं कळलेला माणूस मी तो एकच पाहिला.

पुन्हा फोन लावला तर तो एका सिस्टरनं उचलला आणि मेहकरचा दवाखाना सांगितला. आम्ही तिघं स्टँडवर पोचलो तर मेहकरची गाडी नुकतीच निघून गेली होती. खिडकीत काकांच्याच हाताखाली तयार झालेला तरुण नियंत्रक बसला होता. काकांना बघून तो उठून उभा राहिला आणि हसून म्हणाला, "गेली ते गेली काका! बसा निवांत, पुढच्या गाडीतली खिडकी तुमची." त्याला बिचाऱ्याला काय माहीत? काकांनी खिडकीच्या जाळीवर मूठ आपटली. "नको मले खिडकी! नको मले निवांत! माही पोट्टी तठी दवाखान्यात हाये, अन् तू मले निवांत बस म्हनते?" सगळा स्टँड त्यांच्याकडे बघत राहिला. या माणसाचा चढलेला आवाज तिथं आजवर कोणी ऐकला नव्हता. काकूंनी त्यांचा दंड धरला आणि आम्ही बाहेर जाऊन एका काळीपिवळी जीपमध्ये बसलो. रस्ताभर काका डोळे मिटून बसले होते.

सुजाता खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. हात गळ्यात बांधलेला, ओठ सुजलेला, कानाजवळ काळंनिळं. जिन्यावरून पडले असं तिनं डॉक्टरांना सांगितलं होतं. काकांना दारात पाहिलं आणि ती सावरून बसली, आणि काकांनी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "बाबा, बरं झालं डावा हात हाये. उजव्यानं सारं करता येते."

काका खाली बसले. खुर्ची होती तरी ते खालीच, फरशीवर बसले. "नाही बेटा," ते म्हणाले, "आज तो नियम नाही. आज वाईट सांग. फक्त वाईट सांग मले."

सुजातानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. पुन्हा उघडलं. तिला खरंच येत नव्हतं. हट्ट नव्हता, भीतीही नव्हती, तिच्याजवळ ती वाक्यंच नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुले येते ना वं? कशी करतेत तक्रार?" मला रडू फुटलं. आयुष्यभर ज्या गोष्टीवरून चेष्टा झाली ती माझी विद्या कोणी अशी मागेल, असं मला वाटलं नव्हतं. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "जे झालं ते म्हन. बरं झालं म्हनू नको. फक्त झालं म्हन." ती चादरीकडे बघत म्हणाली, "मले मारलं." थोड्या वेळानं म्हणाली, "मले नेहमीच मारते." मग मात्र थांबली नाही. स्वयंपाकाला सुट्टी होती त्या दिवशी तिला तवा उचलवत नव्हता. घरात शांतता होती त्या दिवशी सगळे लग्नाला गेले होते, आणि जाताना तिला बाहेरून कडी लावून गेले होते. मोगरा मात्र खरंच फुलला होता. हेही तिनं सांगितलं, आणि काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

तिथून आम्ही पोलीस ठाण्यात गेलो आणि तिला घेऊन चिखलीला आलो. मला वाटलं, सगळ्यात कठीण होतं ते होऊन गेलं. पण पुढेच खरा त्रास सुरू झाला. सुजाताचं लग्न जमवणारे काकांचे एक चुलत मेहुणे होते. ते येऊन ओट्यावर बसले आणि काकांना काकांचंच सगळं शिकवायला लागले. आहे त्यात समाधान मानावं. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच. शेवटी म्हणाले, "दाजी, तुमीच आमाले सांगता ना, आधी चांगलं पाहा म्हणून? मंग जावयाचं चांगलं पाहा ना. पोरगा दारूच्या थेंबाले शिवत नाही."

"हाव," काका म्हणाले, "शुद्धीत मारते."

काका पुढे म्हणाले, "ते मी गाडी चुकल्यावर म्हनत होतो. मार खाल्ल्यावर नाही." मेहुणे चहा न घेताच उठले. पण असे लोक येतच राहिले, आणि प्रत्येकाच्या तोंडी काकांचंच एखादं वाक्य असे. इतकी वर्षं बशीबरोबर वाटलेलं सगळं त्यांच्या मुलीच्या विरोधात परत येत होतं. मला त्या लोकांचा संताप यायचा. खरं सांगायचं तर काकांचाही यायचा. एवढ्या हसऱ्या घरात एका मुलीला रडायला जागा मिळू नये, याचा राग कोणावर काढायचा हे मला आजही कळलेलं नाही.

काकांनी त्यानंतर कोणालाच काही विचारलं नाही. काकू कपबश्या आणून ठेवत आणि काका बसल्या बसल्या सगळ्यांच्या बश्या सरकवून देत, आधीच, न बोलता. लोकांना अवघडल्यासारखं व्हायचं. हळूहळू ओटा रिकामा झाला.

एकदा आम्ही दोघंच होतो तेव्हा ते म्हणाले, "स्टँडवरच्या पेटीची किल्ली माह्याजवळच राहे. पेटी उघडली की चिठ्ठ्या वाचा लागत, आवडो न आवडो. घरात मातर मी उलटं केलं. पोरगी बोलायच्या आधीच कुलूप घातलं." मी त्यांना म्हटलं, "काका, असं नका म्हनू. तुमच्या नियमानं मले लय वेळा सावरलं." ते म्हणाले, "तुह्यं बरोबर हाये. तू आधी सारं ओकून मोकळी होये, मंग चांगलं शोधे. तुले ते लागू पडलं. तिनं कधी ओकलंच नाही वं." सुखानं कसं जगावं यावर मी आजवर जे काही ऐकलं, त्यात मला पटलेलं हे एवढंच आहे. ते सांगताना काकांचा चेहरा मात्र सुखाचा नव्हता.

सुजाताच्या कोर्टातल्या तारखा अजून चालू आहेत. ती चिखलीतच एका दवाखान्यात कामाला लागली. तिथं आलेल्या प्रत्येक पेशंटला ती आधी जेवलात का विचारते, असं काकू सांगतात. घरी मात्र ती बराच काळ गप्पच असायची. कोणी विचारलं तर सवयीनं "मजेत" म्हणायची. काका ते ऐकायचे आणि मान हलवायचे. ते मान्य करायचे नाहीत, पण आग्रहही करायचे नाहीत. वाट बघायचे. गाड्यांची वाट बघण्यात ज्यांनी उभं आयुष्य काढलं, त्यांना ही वाट फार लांब झाली असावी.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांच्या आठवणीसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं. वंदना झाली, बरेच जण बोलले. सगळ्यांनी काकांच्या हसतमुख स्वभावाचं कौतुक केलं, गाडी चुकल्याच्या गोष्टी सांगितल्या, टाकीवाल्यानं जिन्याची गोष्ट सांगितली. सुजाता मागे भिंतीला टेकून ऐकत होती. तिचा चेहरा कोरा होता.

दुपारनंतर माणसं पांगली. काकू आत पडल्या होत्या. मी ओट्यावर बसले होते, स्लॅबवरच्या सळयांच्या दोरीवर कोणाची तरी गोधडी वाळत होती. सुजाता दोन कपबश्या घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली. सवयीनं मी मनातल्या मनात काहीतरी चांगलं शोधायला लागले. कार्यक्रम नीट पार पडला, ऊन फार नव्हतं, काका फार आजारी न पडता गेले. यातलं काही म्हणावं म्हणून मी तोंड उघडलं, पण सुजाताच आधी बोलली.

"चहात साखर कमी पडली," ती म्हणाली. "सकाळपासून पाय दुखून राह्यले. अन् मले या लोकायच्या गोष्टी नाही ऐकवल्या. मले बाबाचा लय राग येते, अन् मले बाबा पायजेत. आता पायजेत. मी बोलीन म्हणून वाट पाहून पाहून गेले ते, अन् मी आज बोलून राह्यली."

मी एक शब्दही चांगला बोलले नाही. "अजून सांग," म्हटलं, आणि माझी बशी तिच्याकडे सरकवली.